बजेटबाहेरची जीप

बजेटमध्ये एकच मोटार बसत होती, म्हणून पाठलाग करणारी जीप चित्रपटात दिसणारच नव्हती. ती केवळ नायिकेच्या डोळ्यांत दिसायची होती. फुलंब्रीच्या रस्त्यावर भर दुपारी मोटार चालवताना दमयंतीने तीनदा आरशात पाहून घाबरण्याचा अभिनय केला. शेजारी कॅमेरा धरून बसलेला दिग्दर्शक हिमांशू वैतागला. “अगं बाई, मागं गुंड लागलेत, अन् तू पाहुणे आल्यासारखं बघतीस!” चौथ्यांदा तिचा चेहरा पांढराफटक पडला. “लई भारी! असंच ठेव!” आरशात खरीच जीप होती, तिच्या थोरल्या भावाची. तिने जातीबाहेर लग्न केल्यापासून तो तिला शोधत होता. तिने वेग वाढवला; जीपनेही वाढवला. “कट म्हणू नको. कॅमेरा मागं फिरव,” ती म्हणाली. “दादाचा चेहरा अन् गाडीचा नंबर नीट येऊ दे. मला काही झालं, तर पोलिसांना हेच दाखव.”