स्वयंपाकघराचा कोड

नीरजा घरी बसून दवाखान्यांचे केसपेपर वाचायची आणि नोंदीसाठी प्रत्येक इजेला ठरलेला आकडी कोड द्यायची: कशाने भाजलं, घरात भाजलं की कारखान्यात. 'घरचं स्वयंपाकघर' हा कोड तर तिला तोंडपाठ होता. म्हणूनच आपल्या एकोणीस वर्षांच्या चैतालीला तिने आजवर गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं. लेकीने सांडशी उचलली, की "हो बाजूला!" म्हणत हिसकावून घ्यायची.

आज सातवा पेपर उघडला. मुलगी, वय एकोणीस. भाड्याच्या खोलीत राहायला येऊन तिसरा दिवस. कढईतल्या तेलाने पेट घेतला म्हणून तिने त्यावर पाणी ओतलं. भडका उडून दोन्ही हात भाजले. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं: गॅस पहिल्यांदाच पेटवला होता.

नीरजाने पेपर तसाच बाजूला ठेवला. येत्या रविवारी चैताली शिकायला बंगळुरूला जाणार होती. तिथेही खोलीच घेतली होती.

"चैताली, ये इकडे. गॅस पेटव."

"मी? आई, बरी आहेस ना?"

"पेटव म्हटलं ना!"

लायटर दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा भक्कन जाळ उठला, तशी चैताली दचकली आणि मग हसली. नीरजाने मात्र आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.