कोऱ्या कागदावरच्या सह्या

सरकारी अनुदान निम्म्यावर आलं, तशा तालुक्याचं संदर्भ ग्रंथालय वाचवायला ग्रंथपाल यशोधराबाई जुन्नरच्या आठवडे बाजारात सह्या गोळा करत बसल्या. जन्मभर लोकांना 'वाचा, वाचा' म्हणणाऱ्या बाईंनी पहिली सही स्वतःची केली.

आणे गावचे भागुजी पेन हातात घेऊन थबकले. "बाई, कागूद तर कोराच हाय."

"मजकूर आपल्या ग्रंथालयाचे अध्यक्ष टाईप करून घेणारेत, भाऊ."

"मंग काय! तुमच्यावर इस्वास हाय."

दिवस मावळेपर्यंत नऊशे सह्या झाल्या. बाईंनी गठ्ठा अध्यक्षांकडे दिला.

महिन्याभरात ग्रंथालयाला सील लागलं. दारावर अर्जाची नक्कल डकवली होती: 'ग्रंथालय बंद करून तिथे दुकानगाळे काढावेत, ही समस्त नागरिकांची मागणी.'

खाली पहिलीच सही यशोधराबाईंची होती.