खुणेचा ओक

व्हर्जिनियाच्या त्या परगण्यात दर चार वर्षांनी शिवेची फेरी निघे. दोन पंच शेजाऱ्यांना घेऊन हद्दीवरून चालत जात आणि खुणेच्या झाडांवरच्या खाचा कुऱ्हाडीनं ताज्या करत. झाडच नाहीसं झालं असेल, तर माणसाची आठवण हाच पुरावा.

यंदा डॉर्कसच्या हद्दीवरचा ओक कुणीतरी मुळासकट नाहीसा केला होता. तिचा नवरा एनॉक फेब्रुवारीत ओढ्यात बुडाला. प्रेत सापडलं दोन कोस खाली, गिरणीच्या बंधाऱ्यात. पाय कुठं घसरला, कुणालाच ठाऊक नव्हतं. जमीन सोडायची नाही, असं ठरवूनच डॉर्कस फेरीला आली होती.

ओढा ओलांडताना शेजारच्या ॲबनरनं हात पुढं केला.

"जपून, वहिनी. एनॉक इथंच घसरला."

डॉर्कसचा हात त्याच्या मुठीत गार पडला.

पलीकडं पंचानं विचारलं, "बोला बाई, ओक कुठं होता? ॲबनर म्हणतो, तुमच्या तंबाखूच्या शेताच्या अलीकडं; म्हणजे ते शेत त्याचं."

"मला नाही आठवत. ते म्हणतात तसंच असेल."

"बघा! बायकांना चुलीपलीकडचं काय आठवणार?" ॲबनर हसला. पंचानं कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात सहा वर्षांची मर्सी आईचा हात सोडून तंबाखूपलीकडं धावली.

"आई, असं काय गं? इथं होता ओक! बाबांनी मला वर बसवून सांगितलं होतं, जन्मभर विसरू नकोस."

ॲबनरचं हसू थांबलं. मग तो वाकून मायेनं म्हणाला, "हुशार आहे हो पोर. ओढ्यावर खेळायला एकटीच येतेस का गं?"