बारा वचनं

वडिलांच्या स्मरणदिनाची उपासना सुरू व्हायची होती आणि श्रीरामपूरचे शलमोन मास्तर लेकीवर उखडले होते. रूथ नुकतीच धर्मशास्त्र शिकून आली होती. “बाबा, सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान प्रभूच्या रिकाम्या कबरेपासून भिऊन पळालेल्या बायांपाशीच थांबतं. प्रभू जिवंत होऊन भेटल्याची पुढची बारा वचनं मागाहून कुणीतरी जोडलीत.”

“देवाच्या वचनात पदरचं घालायची कुणाची छाती होईल गं?” मास्तर गरजले.

“लबाडीनं नसेल घातलं,” रूथ हळूच म्हणाली. “तसला शेवट सोसवला नसेल त्याला.”

मास्तरांच्या मांडीवर वडिलांच्या हातची वही होती. दरवर्षी तिचं शेवटचं पान ते स्वतःच वाचत, वही कुणाच्या हाती देत नसत.

“द्या, यंदा मी वाचते,” म्हणत रूथनं वही ओढून घेतली. शेवटचं पान उघडून तिनं खालच्या ओळीचं अक्षर निरखलं, मग बाबांकडे पाहिलं.



“शलमोनाला मी माफ केलंय,” ही शेवटची ओळ मास्तरांनी वडिलांना माती देऊन आल्यावर लिहिली होती.