सेमिसीच्या बाटल्या

“अजून पाच बाटल्या कमी पडतायत,” इलाइसाने मावशी म्हणाली आणि गुडघे धरून उठली.

घराला लागूनच गावाची दफनभूमी होती. तिथे नवऱ्याच्या कबरीशेजारी, पांढऱ्या वाळूवर, तिने चार वर्षं खपून बिअरच्या रिकाम्या बाटल्या उलट्या रोवल्या होत्या. इतरांनी कबरींवरून काढून फेकलेले सौरदिवे दुरुस्त करून त्यांच्यामध्ये खोचले होते. ऊन उतरलं तशी तपकिरी काच उजळली आणि अक्षरं उमटली: सेमिसी. तिच्या एकुलत्या एका मुलाचं नाव.

ऑकलंडच्या कलादालनातून आलेला तेविता जन्माने इथलाच, टोंगा बेटांवरचा, पण वाढला तिकडे. तिच्यासाठी तो हळहळला. आणि हे आपल्या प्रदर्शनात हवंच, असंही वाटलं. त्याची त्याला लाज वाटली.

“मावशी, गुरुवारच्या बोटीने नेऊ द्या ना. लोक रांगा लावतील. पाच बाटल्या काय, मी कुठूनही आणतो.”

“दुसऱ्याच्या नकोत. या सगळ्या त्यानेच रिचवलेल्या आहेत.”

“मग आता कुठून मिळणार?”

“घरातच सापडतात रे. पलंगाखाली, टाकीमागे. लपवण्यात बापाच्याही वरताण.”

तेविताने शेजारच्या कबरीकडे पाहिलं. “काकाही दारूनेच?”

“हो. लिव्हर सडलं. डॉक्टरने सेमिसीलाही बजावलं, थेंबही नको. तर हसला मेला! पाद्रीबाबांना आणलं, पाया पडले, बाटल्या फोडल्या. हात माझेच कापले. मग फोडायच्या सोडल्या आणि जमवायला लागले.”

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “इलाइसाने, पुरे कर हे अभद्र! आई आहेस की कोण?”

“आई आहे म्हणूनच करतेय!”

दुःखातल्या बाईला असं बोलतात? तेविताला संताप आला.

“नेऊ नकोस, पोरा,” इलाइसाने हळूच म्हणाली. “त्याच्या डोळ्यांसमोर हवं हे. एवढी एकच आशा उरलीय मला.”

पोर गमावलेल्या आया असंच बोलतात, हे तेविताला ठाऊक होतं. त्याने हट्ट सोडला. उंचवटाही न उरलेल्या त्या सपाट वाळूपाशी तो गुडघे टेकून बसला आणि सेमिसीच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून प्रार्थना करू लागला.

घराच्या खिडकीतून जड जिभेने कुणीतरी ओरडलं, “आई, माझ्या नावावरचे दिवे विझव गं! डोळ्यांवर येतात, झोप लागत नाही.”