मिरजेचा फेरसामना

पंचांनी पेनल्टीची शिट्टी वाजवली तेव्हा सामना संपतच आला होता. मिरजेच्या मैदानावर स्पर्धेचा शेवटचा सामना, आणि गोल कुणाचाच नाही.

"आता कप आपलाच," मंडळाचे अध्यक्ष गुरुलिंग म्हणाले.

सोलापुरात त्यांच्या मंडळाची पोरांची फुटबॉल लीग होती. तिच्यातून दरसाल पोरं निवडून बाहेरगावी स्पर्धांना नेणं हे चन्नवीरचं काम. मिलमधली पाळी सांभाळून तो ते करायचा. कधी शिवी नाही, छडी नाही. त्याची बायको बसव्वा होती तोवर सराव संपला की सगळी पोरं तिच्या चुलीपुढं बसायची. ती गेली. मग दुष्काळ पडला, वस्तीत सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस निघू लागले. तरी त्यानं संघ मोडू दिला नाही.

यंदा निवडीवरून भांडण झालं होतं. गुरुलिंगांच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर त्यानं एकेका पोराला उभं केलं आणि लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल मारणारा ईरप्पा वगळला. तो गुरुलिंगांचाच मुलगा.

"वजनात बसत न्हाय, अण्णा. पळायला हलकी पोरं लागत्यात."

"कप न्हाय आणलास तर संघ तुज्याकडं ऱ्हात न्हाय. ध्यानात ठेव."

हलकी पोरं खरंच पळाली. हरेल त्या संघानं त्याच संध्याकाळी घरची गाडी धरायची. बाकीच्यांचा मुक्काम आणि जेवण यजमानांकडं, अशी तिथली रीत. मोठमोठे संघ एकेक करून गेले. ही काटकुळी पोरं राहिली. चेंडूसाठी अशी झटायची की बघणारे उठून उभे राहायचे. शेवटचा सामना आधी एकदा बरोबरीत सुटला होता. हा त्याचा फेरसामना.

पेनल्टी सिद्धाप्पा मारणार होता. त्याचा नेम चुकलेला कुणी पाहिला नव्हता. चन्नवीर रेषेपर्यंत गेला, त्याला जवळ बोलावून कानात काहीतरी बोलला. सिद्धाप्पानं त्याच्याकडं बघितलं, मग मान हलवली.

चेंडू खांबांच्या कितीतरी वरून गेला.

गुरुलिंगांनी कपाळाला हात लावला. "माजा ईरप्पा असता तर जाळी फाडली असती की!"

"खरं हाय, अण्णा."

"खरं हाय म्हणं! परवा जिंकला न्हाईस तर संपलं तुजं."

"व्हय."

पुन्हा बरोबरी. पुन्हा फेरसामना, परवा.

संध्याकाळी धर्मशाळेत पंगत बसली. भात, आमटी, गरम भाकरी. चन्नवीर स्वतः वाढत होता. पोरं मान वर करत नव्हती.

तो सिद्धाप्पापाशी आला तसं पोरानं हळूच विचारलं, "मामा, परवा तरी गोल मारू का?"

चन्नवीरनं त्याचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं, ताटात अजून एक भाकरी टाकली आणि म्हणाला, "इतक्यात न्हाय."