हो म्हणायच्या आधी

‘मान्य आहे.’ गंधालीने टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. नाहूरच्या ऑफिसने नोकरी देऊ केली होती, पण नुसती डेटा एंट्रीची. जुनी कंपनी बंद पडेपर्यंत ती अख्खा विभाग सांभाळायची. वांद्र्याची मुलाखत झकास झाली होती. उत्तर मात्र महिन्याभराने येणार होतं. आणि घरात मिळवणारी ती एकटीच.

"पाठवू नकोस गं," मागून आई म्हणाली. "थांब वांद्र्यासाठी."

"आणि तोवर खायचं काय? तिथेही नाही म्हणाले तर?"

"तर तिसरीकडे बघ. घर मी चालवते. सोमवारपासून स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात जातेय मी."

गंधाली बघतच राहिली. "आई, या वयात तू लोकांकडे पोळ्या लाटणार?"

"लाटायला कोण जातंय? त्यासाठी गेल्या आठवड्यात बोलावलं होतं. मी तोंडावर नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस? आपली ही परिस्थिती असताना?"

"मग! काल त्यांचाच परत फोन आला. सगळं स्वयंपाकघर माझ्या हाताखाली देतायत. तेव्हा म्हटलं, बरं, येते."